रकान्यांची शिस्त : एक्सेलमधील रुग्णनोंदी साध्या मजकुरात कशा मांडाव्यात

वैद्याच्या मेजावर नोंदवहीशेजारी संगणक येऊन बसला, त्याला आता बराच काळ लोटला. रुग्णाचे वय, प्रकृती, निदान, औषधयोजना, पथ्य आणि प्रत्येक भेटीतील निरीक्षणे एक्सेलमध्ये रकाने पाडून ठेवणारे अनेक व्यवसायबंधू-भगिनी आपल्या परिचयाचे असतील. ही पद्धत निश्चितच स्वागतार्ह आहे. अनेक रुग्णांच्या नोंदी एकाच दृष्टिक्षेपात तुलनेला मिळतात, सरासरी काढता येते आणि ‘या योजनेने गुण येतो’ या अनुभवाच्या वाक्याला आकड्यांचा आधार लाभतो.

परंतु नोंद ठेवणे हे अर्धेच काम होय. ती नोंद दुसऱ्या वैद्याच्या हाती जशीच्या तशी पोहोचणे हे उरलेले अर्धे. जीर्ण व्याधीत ज्येष्ठांचा सल्ला घ्यावयाचा असतो, रुग्ण दुसऱ्या गावी राहावयास जातो तेव्हा तेथील वैद्याला माहिती द्यावयाची असते, शाखेच्या सभेत रुग्णवृत्त सादर करावयाचे असते. अशा वेळी एक्सेलमधील तक्ता ई-मेलमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशात उतरवला जातो आणि त्याचे रूपांतर साध्या मजकुरात होते. या रूपांतरात तक्त्याचे काय होते, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. अंक तेच राहतात, पण त्यांचे अर्थ बदलू शकतात. चिकित्सेत ही गोष्ट क्षुल्लक नाही. एक रकाना सरकला तर एकाचे वजन दुसऱ्या तपासणीचा निष्कर्ष म्हणून वाचले जाते, आणि त्यावर औषधाची मात्रा ठरते. म्हणून हा विषय संगणकतज्ज्ञांवर सोपवून न देता वैद्याच्या दृष्टीने येथे मांडत आहे.

कोष्ठ आणि कोष्टक

कोष्ठ हा शब्द आपल्याला नवा नाही. मृदु, मध्य आणि क्रूर कोष्ठाचा विचार केल्याविना आपण शोधनाची योजना करीत नाही. मराठीतील कोष्टक हा शब्दही याच कुळातला. कोष्ठ म्हणजे सीमा असलेली, आत काही साठवणारी जागा. कोष्टकातील प्रत्येक कप्पा तसाच असतो. त्यातील अंकाला अर्थ येतो तो त्याच्या स्थानामुळे. नुसता ‘६२’ हा अंक काहीच सांगत नाही. तो ‘वजन’ या रकान्यात असेल तर किलोग्रॅम, ‘इएसआर’च्या रकान्यात असेल तर मिलिमीटर प्रतितास आणि ‘वय’ या रकान्यात असेल तर वर्षे.

हे स्थान राखण्याची सोय टंकलेखन यंत्राच्या काळापासून चालत आली आहे. त्या यंत्रावरील टॅब्युलेटर नावाची कळ नावाप्रमाणेच तक्ते टंकण्यासाठी होती. ती दाबली की कागद ठरवलेल्या खुणेपर्यंत सरकत असे. संगणकासाठी १९६३ साली ‘आस्की’ ही चिन्हसंहिता प्रसिद्ध झाली, तिच्यातही टॅबला नववा क्रमांक मिळाला. पुढे १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी अ‍ॅपल-२ या संगणकासाठी ‘व्हिजिकॅल्क’ तयार केले. आजच्या एक्सेलचे ते पूर्वज. त्यात प्रत्येक अंकाला स्वतःचा कप्पा आणि प्रत्येक कप्प्याला स्वतःचा पत्ता मिळाला.

साध्या मजकुरात हा पत्ता नसतो. तेथे केवळ एकापुढे एक चिन्हे असतात : अक्षरे, अंक, विरामचिन्हे, रिकाम्या जागा, टॅब आणि ओळ संपल्याची खूण. रंग, ठळकपणा, चौकटीच्या रेषा, रकान्याची रुंदी, एकत्र जोडलेले कप्पे आणि अक्षराचा फाँट यांपैकी काहीही त्यात टिकत नाही. यातून एकच नियम निघतो आणि पुढील सर्व विवेचन त्याचाच विस्तार आहे : जे सांगावयाचे आहे ते चिन्हांतच सांगितले पाहिजे. वाढलेला इएसआर तांबड्या रंगाने दाखवला असेल तर साध्या मजकुरात तो तांबडेपणा नाहीसा होतो. म्हणून रंगाऐवजी ‘अधिक’, ‘प्राकृत’, ‘न्यून’ असा स्वतंत्र रकाना करावा. तीन भेटींसाठी एकच कप्पा जोडून त्यात औषधाचे नाव लिहिले असेल तर ते केवळ पहिल्या ओळीत उतरते आणि उरलेल्या दोन ओळी औषधाविना राहतात. तेथे नाव तीनदा लिहिणे हाच उपाय.

एक रिकामा कप्पा

आमवाताच्या एका कल्पित रुग्णाचे उदाहरण घेऊ. चार भेटींत प्रातःकालीन स्तब्धता किती मिनिटे राहते, इएसआर किती आणि वजन किती, एवढीच नोंद आहे. तिसऱ्या भेटीत इएसआर केला गेला नाही, म्हणून एक्सेलमध्ये तो कप्पा रिकामा ठेवला आहे. हा तक्ता रिकाम्या जागांच्या साहाय्याने मजकुरात उतरला की असा दिसतो :

भेट दिवस स्तब्धता इएसआर वजन
१ ० ९० ४८ ६३
२ १५ ६० ३६ ६२
३ ३० ४० ६२
४ ६० २० २२ ६१

तिसरी ओळ डावीकडून वाचत गेल्यास इएसआरच्या जागी ६२ येतो. पंधराव्या दिवशी ३६ असलेला इएसआर तिसाव्या दिवशी ६२ झाला, असा बोध होतो. दूरस्थ सल्लागाराने हे वाचून सिंहनाद गुग्गुळाची योजना निष्फळ ठरल्याचा निष्कर्ष काढला, तर त्याला दोष देता येणार नाही. वास्तविक ६२ हे रुग्णाचे वजन आहे आणि रुग्ण सुधारत आहे. हाच तक्ता पुढीलप्रमाणे मांडला की संदेह उरत नाही :

भेट | दिवस | स्तब्धता (मिनिटे) | इएसआर (मिमी/तास) | वजन (किग्रॅ)
१ | ० | ९० | ४८ | ६३
२ | १५ | ६० | ३६ | ६२
३ | ३० | ४० | केला नाही | ६२
४ | ६० | २० | २२ | ६१

येथे दोनच गोष्टी केल्या आहेत. रकान्यांमध्ये उभी रेष घातली आणि रिकाम्या कप्प्यात शब्द लिहिला. रिकामा कप्पा हा नेहमी संदिग्ध असतो. तपासणी झाली नाही, झाली पण निष्कर्ष मिळाला नाही, लक्षण विचारले पण नव्हते, की टंकण्याचे राहून गेले, हे त्यावरून कळत नाही. विशेषतः ‘०’ आणि ‘पाहिले नाही’ यांतील भेद वैद्याने कटाक्षाने पाळावा. शोथ शून्य असणे आणि शोथाची परीक्षाच न करणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. रकान्याच्या शीर्षात एकक लिहिण्याची सवयही याच कारणासाठी आवश्यक आहे, कारण मिलिग्रॅम व ग्रॅम यांत सहस्रपटीचे अंतर आहे.

मात्रा जेव्हा तारीख होते

काही बिघाड तक्ता मजकुरात उतरण्यापूर्वीच, एक्सेलमध्ये झालेले असतात. आपण मात्रा १-१-१ अशी लिहितो : सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक. सर्वसाधारण कप्प्यात हे टंकले की एक्सेल त्याला तारीख समजते आणि ०१-०१-२००१ असे दाखवते. २-२-२ लिहिले तर २ फेब्रुवारी २००२ होते. अर्ध्या गोळीसाठी १/२ लिहिले तर आपल्याकडील तारखेच्या पद्धतीनुसार १ फेब्रुवारी होते. यात आणखी एक मेख आहे. १-०-१ ही मात्रा मात्र तशीच राहते, कारण शून्य क्रमांकाचा दिवस किंवा महिना नसतो. त्यामुळे काही ओळी बरोबर आणि काही बिघडलेल्या असा मिश्र तक्ता तयार होतो, आणि पहिल्या चार ओळी पाहून समाधान मानणाऱ्याच्या तो लक्षात येत नाही. नंतर त्या रकान्याचे स्वरूप ‘टेक्स्ट’ असे बदलले तरी मूळ मात्रा परत येत नाही. तेथे ३६८९२ हा अंक दिसू लागतो. एक्सेल तारखा दिवस मोजून अंकांच्या रूपात साठवते आणि १ जानेवारी २००१ या दिवसाचा तो क्रमांक आहे.

ही अडचण केवळ आपली नाही. जनुकशास्त्रात ‘मार्च’ आणि ‘सेप्ट’ या आद्याक्षरांनी सुरू होणारी काही जनुकांची संक्षिप्त नावे एक्सेलमध्ये वारंवार तारखा होत असत. अखेर मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने अशी नावे बदलली आणि २०२० साली त्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. आपल्याला मात्रा लिहिण्याची पद्धत बदलण्याची गरज नाही, परंतु टंकण्याची रीत बदलावी लागेल. टंकण्यापूर्वीच रकान्याचे स्वरूप ‘टेक्स्ट’ करावे, किंवा मात्रेच्या आधी एक एकेरी अवतरणचिन्ह टंकावे. त्याहून उत्तम म्हणजे सकाळ, दुपार आणि रात्र असे तीन रकाने करून प्रत्येकात साधा अंक लिहावा. गोळी किती मिलिग्रॅमची, हे स्वतंत्र रकान्यात असावे. रुग्णक्रमांक ००१२७ असा लिहिण्याची पद्धत असेल तर तोही रकाना ‘टेक्स्ट’ स्वरूपाचा हवा, अन्यथा आरंभीची शून्ये गळून १२७ एवढेच उरते.

दुसरा बिघाड दशांशांचा. एक्सेलमधून नक्कल करून नोटपॅडमध्ये चिकटवले की कप्प्यात साठवलेला नव्हे, तर पडद्यावर दिसणारा अंक उतरतो. एखाद्या रुग्णाचे एचबीए१सी ६.४६ टक्के आहे आणि रकाना एकच दशांश दाखवतो, तर मजकुरात ६.५ जाईल. मधुमेहाच्या निदानाची प्रचलित सीमा ६.५ हीच असल्याने, एका दशांशाच्या काटछाटीने रुग्ण सीमेपलीकडे गेलेला दिसेल. रकाना अरुंद असल्यामुळे अंकाऐवजी जाळीसारखी चिन्हांची रांग दिसत असेल, तर मजकुरातही तीच रांग उतरते आणि मूळ अंक हरवतो. म्हणून नक्कल करण्यापूर्वी सर्व रकाने पुरेसे रुंद करावेत आणि प्रयोगशाळेच्या अहवालात जितके दशांश असतील तितके दाखवावेत.

तिसरी गोष्ट कप्प्यातील ओळींची. आल्ट आणि एंटर दाबून एकाच कप्प्यात लक्षणांच्या तीन ओळी लिहिण्याची सवय पुष्कळांना आहे. एक्सेलमध्ये ते नीटनेटके दिसते, परंतु मजकुरात प्रत्येक ओळ ही तक्त्याची नवी ओळ भासते आणि पुढील सर्व रकाने विस्कटतात. लक्षणे अर्धविराम देऊन एकाच ओळीत लिहावीत.

देवनागरीचा विशेष विचार

रिकाम्या जागा घालून रकाने एकाखाली एक आणणे ही साध्या मजकुराची जुनी रीत. ती समरुंद अक्षरांच्या फाँटमध्येच साधते. कुरियर किंवा कन्सोलास यांसारख्या फाँटमध्ये रोमन लिपीतील प्रत्येक अक्षर समान जागा घेते, त्यामुळे दहा चिन्हांनंतरचा रकाना प्रत्येक ओळीत त्याच ठिकाणी येतो. देवनागरीत हे गणित जुळत नाही. युनिकोडमध्ये मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही स्वतंत्र चिन्हे आहेत. एक्सेलचे ‘लेन’ हे सूत्र ‘वात’ या शब्दाची लांबी ३ सांगते, ‘पित्त’ची ५ आणि ‘कफ’ची २. डोळ्यांना तिन्ही शब्द जवळजवळ सारख्याच रुंदीचे दिसतात. ‘गुग्गुळ’ या तीन अक्षरांच्या शब्दाची लांबी ७ भरते. शिवाय समरुंद फाँटमध्ये देवनागरी अक्षरे बहुधा नसतातच, ती दुसऱ्या फाँटमधून उसनी घेतली जातात आणि त्यांच्या रुंदी भिन्न असतात. म्हणून मराठी शब्दांचे रकाने रिकाम्या जागांनी जुळवण्याचा खटाटोप करू नये. आपल्या संगणकावर जुळले तरी समोरच्याच्या भ्रमणध्वनीवर ते विस्कटतील.

यावर तीन मार्ग आहेत. अंकांचे रकाने आधी घ्यावेत आणि मराठी मजकुराचा रकाना सर्वांत शेवटी ठेवावा. शेवटच्या रकान्यापुढे काही नसल्याने त्याच्या रुंदीला महत्त्व राहत नाही. दुसरा मार्ग, औषधांना औ१, औ२ असे संकेत देऊन तक्त्याखाली त्यांची पूर्ण नावे लिहावीत. तिसरा आणि सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे जुळवणुकीचा मोह सोडून उभी रेष वापरावी. रकाने वेडेवाकडे दिसले तरी कोणता अंक कोठला, हे मोजून सांगता येते.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. आपल्यापैकी अनेकांच्या जुन्या नोंदी युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये आहेत. त्यांत रोमन अक्षरांच्या संकेतांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असतात. साध्या मजकुरात फाँट टिकत नसल्याने तेथे निरर्थक रोमन अक्षरांची रांग उमटते. अशा नोंदी आधी युनिकोडमध्ये परिवर्तित कराव्यात आणि परिवर्तनानंतर जोडाक्षरे व रफार विशेष लक्षपूर्वक तपासावेत. तक्ता फाइलच्या रूपाने साठवतानाही हेच ध्यानात ठेवावे. एक्सेलमधील ‘फॉरमॅटेड टेक्स्ट’ हा पर्याय रकाने जुळवून देतो, परंतु त्यात देवनागरीच्या जागी सामान्यतः प्रश्नचिन्हे येतात. तो एका ओळीत २४० चिन्हांपर्यंतच मजकूर ठेवतो आणि त्यापुढील भाग फाइलच्या शेवटी नेऊन टाकतो. मराठी नोंदींसाठी ‘युनिकोड टेक्स्ट’ किंवा अलीकडील आवृत्त्यांतील ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडावा.

तीन रीती

कोणती रीत वापरावी, हे तक्ता कशासाठी पाठवावयाचा आहे यावर अवलंबून आहे.

पहिली रीत टॅबची. एक्सेलमधून नक्कल करून नोटपॅडमध्ये चिकटवले की रकान्यांच्या मध्ये आपोआप टॅब येतात. समोरचा वैद्य हा मजकूर पुन्हा आपल्या एक्सेलमध्ये चिकटवून गणिते करणार असेल तर हीच रीत योग्य, कारण प्रत्येक अंक आपापल्या कप्प्यात जाऊन बसतो. वाचण्यासाठी मात्र ती सोयीची नाही. टॅबची रुंदी प्रत्येक कार्यक्रमात निराळी असते आणि काही ठिकाणी टॅब गळून एकच रिकामी जागा उरते.

दुसरी रीत उभ्या रेषेची. शेजारच्या रिकाम्या रकान्यात पहिला कप्पा, रेष, दुसरा कप्पा, रेष असे ‘अँड’च्या चिन्हाने जोडणारे सूत्र एकदा लिहून खालपर्यंत ओढले की सर्व ओळी तयार होतात. अशा जोडणीत ६२.० चे ६२ होते, म्हणून दशांश राखावयाचे असल्यास ‘टेक्स्ट’ हे सूत्र वापरावे. रकाने अंकांचे असतील आणि ते जुळवावयाचेच असतील तर प्रथम रुंदी ठरवावी, समजा ६. ‘लेन’ने अंकाची लांबी मोजून ती ६ मधून वजा करावी आणि उरतील तितक्या रिकाम्या जागा ‘रेप्ट’ या सूत्राने अंकाच्या आधी जोडाव्यात. त्यामुळे एककाखाली एकक आणि दशकाखाली दशक येते. मजकूर ठरवलेल्या रुंदीहून मोठा असेल तर सूत्र त्रुटी दाखवते. ती त्रुटी हितकारकच समजावी आणि रुंदी वाढवावी. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये असा तक्ता समरुंद अक्षरांत दाखवण्यासाठी त्याच्या आधी आणि नंतर, कळफलकावर एकच्या डावीकडे असलेले बॅकटिक हे चिन्ह तीन-तीन वेळा टंकावे.

तिसरी रीत नामनिर्देशित ओळींची. भ्रमणध्वनीचा पडदा अरुंद असतो. पाच-सहा रकान्यांची ओळ त्यावर मावत नाही, ती मोडून खाली येते आणि उभ्या रेषाही मग दिशाभूल करतात. अशा वेळी प्रत्येक भेटीची एक स्वतंत्र ओळ करावी आणि प्रत्येक अंकाच्या आधी त्याचे नाव लिहावे :

भेट ३ (दिवस ३०) : स्तब्धता ४० मिनिटे, इएसआर केला नाही, वजन ६२ किग्रॅ.

हीदेखील एक्सेलच्या जोडसूत्रानेच तयार करता येते, प्रत्येक ओळ हाताने लिहावी लागत नाही. मजकूर लांबतो हे खरे, परंतु ओळ कोठेही मोडली तरी अर्थ मोडत नाही. औषधाची मात्रा दुसऱ्याला कळवताना हीच रीत वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘तक्त्याचे छायाचित्रच पाठवले तर?’ असा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. चित्रात रकाने सरकत नाहीत, हा त्याचा गुण. परंतु पाठवताना ते अस्पष्ट होऊ शकते, त्यातील अंक पुन्हा गणितासाठी घेता येत नाहीत, आणि वर्षभराने औषधाच्या नावावरून तो संदेश शोधू गेल्यास सापडत नाही. एकदा पाहण्यापुरते चित्र ठीक, नोंद म्हणून मजकूरच श्रेयस्कर. एक्सेलमधून काही ठिकाणी थेट चिकटवले तर तक्ता आपणहून चित्राच्या रूपात जातो. म्हणून मध्ये नोटपॅडची पायरी ठेवावी.

जे जाऊ नये ते

संपूर्ण एक्सेल फाइलच पाठवून देणे सर्वांत सोपे वाटते, पण त्यात एक गंभीर धोका आहे. रुग्णाचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक असलेला रकाना लपवला म्हणजे तो काढून टाकला असे होत नाही. फाइल उघडणारा कोणीही तो पुन्हा दृश्य करू शकतो. दुसऱ्या पानावर सर्व रुग्णांची यादी असेल तर तीही सोबत जाते. साध्या मजकुराचा मोठा गुण येथे दिसतो. त्यात लपलेले काही नसते. जे दिसते तेवढेच जाते, म्हणून पाठवण्यापूर्वी ते संपूर्ण वाचून पाहता येते.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याला केलेल्या उपदेशात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर न सांगण्याची स्पष्ट आज्ञा आहे. आपल्या संसदेनेही २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. सल्ल्यासाठी नाव लागत नाही. वय, लिंग, व्यवसाय, देश आणि ऋतू लागतात. नावाच्या जागी आपल्यालाच ठाऊक असलेला क्रमांक द्यावा. तारखांऐवजी चिकित्सेच्या आरंभापासूनचे दिवस लिहावेत. वरील उदाहरणात तसेच केले आहे, आणि त्याने कालक्रमही अधिक स्पष्ट होतो. मात्र लहान गावातील रुग्णाचे वय, व्यवसाय आणि दुर्मीळ व्याधी एकत्र लिहिली तर नावाविनाही तो ओळखू येतो, याचे भान असावे.

ओळी मोजाव्यात

तक्ता एका रूपातून दुसऱ्या रूपात जाताना ओळी गळू शकतात, आणि गळलेल्या ओळी दिसत नाहीत, हा यातील सर्वांत अवघड भाग. इंग्लंडमध्ये २०२० साली याचे मोठे उदाहरण घडले. कोविडच्या तपासण्यांचे निष्कर्ष प्रयोगशाळांकडून साध्या मजकुराच्या फाइलींत येत आणि पब्लिक हेल्थ इंग्लंड ही संस्था ते एक्सेलच्या जुन्या स्वरूपात भरत असे. त्या स्वरूपात ६५,५३६ हून अधिक ओळी मावत नाहीत. मर्यादा ओलांडल्यावर पुढील ओळी गळाल्या आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांची संख्या रोजच्या आकडेवारीत आली नाही. त्या रुग्णांना त्यांचे निष्कर्ष कळले होते, परंतु त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला. आपल्या चिकित्सालयातील तक्ते एवढे मोठे नसतात. तथापि ओळी गळण्यासाठी मर्यादा ओलांडावीच लागते असे नाही, चुकून लागलेली गाळणी तेवढ्याला पुरते.

यासाठी पाठवण्यापूर्वी पुढील क्रम पाळावा :

१. एक्सेलमधील ओळी आणि मजकुरातील ओळी मोजून त्या समान आहेत हे पाहावे. एकूण ओळींची संख्या तक्त्याखाली लिहावी, म्हणजे वाचणाऱ्यालाही पडताळता येते.
२. प्रत्येक ओळीत उभ्या रेषांची संख्या सारखीच आहे याची खात्री करावी.
३. रिकामा कप्पा एकही ठेवू नये.
४. पहिली, मधली एक आणि शेवटची ओळ मूळ नोंदीशी अंकशः ताडून पाहावी. मात्रेचा रकाना मात्र संपूर्ण ताडावा.
५. एकके, दशांश आणि संकेतांचा खुलासा आहे का, ते पाहावे.
६. नाव, दूरध्वनी क्रमांक किंवा पत्ता राहून गेला नाही, याची खात्री करावी.
७. संदेश प्रथम स्वतःच्याच दुसऱ्या उपकरणावर पाठवून तेथे वाचावा.

हा सर्व उपक्रम सवयीने पाच-सात मिनिटांत होतो.

शास्त्रातील उद्देश आणि निर्देश

तंत्रयुक्तींमध्ये उद्देश म्हणजे संक्षेपाने सांगणे आणि निर्देश म्हणजे विस्ताराने सांगणे. तक्ता हा उद्देश आहे. त्याखाली चार-सहा वाक्यांचा निर्देश जोडल्याविना तो पुरा होत नाही. नाडी, जिव्हा, अग्नी, निद्रा आणि मलप्रवृत्ती यांचे बारकावे अंकांत मावत नाहीत, आणि ते बळेच मावण्याचा अट्टहासही करू नये. मात्र जे अंकांत सांगता येते ते संदिग्ध ठेवण्याचे कारण नाही. रुग्णवृत्ते कशी लिहावीत याविषयी २०१३ साली ‘केअर’ ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. त्यांतही घटनांचा कालक्रम स्पष्ट मांडण्यावर भर आहे.

आयुर्वेदाकडे आकडे नाहीत, हा आक्षेप आपण वारंवार ऐकतो. वास्तविक अनेक चिकित्सालयांत उत्तम नोंदी आहेत, परंतु त्या एका संगणकातून दुसऱ्या संगणकात शाबूत पोहोचत नाहीत, आणि पोहोचल्याच तर त्यांवर विश्वास ठेवावा अशा स्थितीत नसतात. एका गावच्या वैद्याचा दहा रुग्णांचा अनुभव आणि दुसऱ्या गावच्या वैद्याचा पंधरा रुग्णांचा अनुभव एकाच रकान्याखाली ठेवता आला, तरच तो पंचवीस रुग्णांचा अनुभव होतो. त्यासाठी महागडी प्रणाली लागत नाही. साधा मजकूर कोणत्याही उपकरणावर, कोणत्याही कार्यक्रमात उघडतो. आपल्या शाखेतील चार-पाच वैद्यांनी एकत्र बसून एखाद्या व्याधीसाठी रकान्यांची नावे, त्यांचा क्रम आणि एकके निश्चित करावीत आणि येत्या तिमाहीपासून त्याच क्रमाने नोंदी ठेवाव्यात, अशी सर्व व्यवसायबंधू-भगिनींना नम्र विनंती आहे.